‘जन्म : पूना’ – ओनेहुंगाला वसलेल्या एका सोजिराच्या कुटुंबाचा माग

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑकलंडला राहणाऱ्या एका मराठी ताईंच्या यजमानांचे पूर्वज ब्रिटिश फौजेच्या दुसऱ्या पायदळ पलटणीत, म्हणजे ‘क्वीन्स रॉयल’मध्ये, साधे शिपाई होते. १८२५ साली भरती झाले आणि २१ वर्षांनी, १८४६ मध्ये, पेन्शनीत निघाले. ऑगस्ट १८४७ मध्ये बायको आणि तीन मुलं घेऊन ते ‘रॅमिलीज’ जहाजातून न्यूझीलंडला उतरले. थोरली मुलगी जहाजाच्या यादीत ७ वर्षांची आहे आणि तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थळ ‘पूना’ लिहिलंय. घरात गझनीच्या लढाईचं पदक आहे. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्टही आहे, की या मुलीची आई गोरी नव्हती, पुण्याचीच होती. यातलं खरं काय आणि ते तपासायचं कसं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी गेली सव्वीस वर्षं पुण्या-मुंबईच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या आणि कंपनी सरकारच्या काळातले लष्करी कागद परदेशातल्या कुटुंबांसाठी वाचते. तुमच्यासारखे प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतात आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. ते सोजिराच्या, म्हणजे गोऱ्या शिपायाच्या, मागे लागतात. तुमचा सोजीर तर सापडलेलाच आहे. त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर त्याचं गाव, भरतीच्या वेळचं वय, मूळ धंदा, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, हिंदुस्थानात काढलेली वर्षं, वर्तणूक, सगळं आहे. नाही ती फक्त बायको. त्या कागदावर तिला रकानाच नाही. तेव्हा आता त्याला बाजूला ठेवा आणि तिला शोधा. कुटुंब पुण्याहून ऑकलंडजवळच्या ओनेहुंगापर्यंत कसं पोचलं, हे तिच्या आणि मुलांच्या नोंदींतूनच उलगडेल.

सुरुवात तारखांपासून करू. तुमच्याकडच्या माहितीत एक गाठ आहे, ती बहुधा तुमच्या लक्षात आलेली नाही. पहिल्या अफगाण युद्धासाठी मुंबई इलाख्याची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली नोव्हेंबर १८३८ मध्ये मुंबईहून समुद्रमार्गे सिंधला निघाली. क्वीन्स रॉयल तिच्यात होती. २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला पडला, १३ नोव्हेंबरला बलुचिस्तानातलं कलात पडलं, आणि पलटण सिंधमार्गे परत येईपर्यंत १८४० उजाडलं. म्हणजे गझनीला लढलेला शिपाई सव्वा वर्ष घरी नव्हता. मुलगी १८४७ मध्ये ७ वर्षांची, म्हणजे तिचा जन्म १८३९ चा उत्तरार्ध ते १८४० चा पूर्वार्ध या काळातला. ती ऑगस्ट १८३९ पर्यंत जन्मली असेल तर काही अडचण नाही, बाप निघाला तेव्हा आई गरोदर होती. पण जन्म डिसेंबर १८३९ किंवा मार्च १८४० चा निघाला, तर तुमचा गझनीवाला तिचा जन्मदाता असूच शकत नाही.

इथे घाबरून जाऊ नका, आणि कुणाच्या चारित्र्याबद्दल तर्कही करू नका. वाटा आणखी आहेत. यादीतलं वय चुकलेलं असेल. अशा याद्यांत वर्ष-दोन वर्षांचा फरक सर्रास असतो. तो आजारी म्हणून डेपोत मागे राहिलेला असेल आणि गझनीला गेलाच नसेल. पदक घरात आहे म्हणून तो तिथे होता, असं धरू नका. गझनीचं पदक सरकारने नाव न कोरताच वाटलं होतं. ज्याला हवं त्याने नंतर पदरच्या पैशाने नाव कोरून घेतलं. तुमच्या पदकावर किल्ल्याचा दरवाजा असेल, मागे तारीख असेल, पण नाव नसेल तर ते सासऱ्याचं, मेव्हण्याचं किंवा बायकोच्या पहिल्या नवऱ्याचंही असू शकतं.

पहिल्या नवऱ्याची शक्यता मी उगाच काढलेली नाही. गोऱ्या पलटणीत लग्नाला परवानगी लागायची, आणि पलटण परदेशी निघताना मोजक्याच बायकांना जहाजावर जागा मिळायची. एरवी शंभर माणसांमागे सहा, हिंदुस्थानासाठी बारा. नवरा कॉलऱ्याने, तापाने किंवा लढाईत गेला की विधवेचा शिधा काही महिनेच चालू राहायचा. नंतर मुलाबाळांसकट ती उघड्यावर. मायदेशी परतायचं तर सहा हजार कोसांचा प्रवास, आणि पैसे नाहीत. मग ती त्याच पलटणीतल्या दुसऱ्या शिपायाशी लग्न करायची, अनेकदा वर्षाच्या आतच. लष्करातल्या एका नोंदवहीत मी एकाच मेरीला चार वर्षांत तीन आडनावांनी पाहिलं आहे. पहिल्या लग्नाची शाई तपकिरी पडलेली, दुसऱ्याची काळीभोर, आणि दोन्हीकडे सहीच्या जागी तिने काढलेली तीच वाकडी फुली. ती फुली ओळखू आली तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. मुलं मात्र पुढच्या सगळ्या कागदांवर सावत्र बापाच्या नावाने चालू लागतात. अफगाणिस्तानहून किती माणसं परतली नाहीत, ते कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या भिंती सांगतात. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांची नावं त्या भिंतींवर नाहीत. ती लग्नाच्या नोंदवह्यांत दुसऱ्या आडनावांनी आहेत.

म्हणून आधी दोन गोष्टी पक्क्या करा. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात क्वीन्स रॉयलचे तिमाही हजेरीपट आहेत. १८३८ च्या अखेरीपासून १८४० च्या मध्यापर्यंतचे पट पाहिले की तुमचा माणूस मोहिमेवर होता, इस्पितळात होता की डेपोत, ते तिमाहीगणिक कळेल. लग्नं मात्र त्या काळच्या पटांत सापडणार नाहीत. लग्न झालेल्यांच्या याद्या हजेरीपटांना १८६० चं दशक सरताना जोडू लागले. पदकाच्या याद्या वेगळ्या आहेत, त्यांत नाव आहे का तेही बघून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलीचा बाप्तिस्मा. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला नेमाने लंडनला जायच्या. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांच्या सूची घरबसल्या चाळता येतात. सूचीत ‘पूना’ एवढंच पाहून थांबू नका. ‘पूनाह’, ‘कॅम्प पूना’, ‘किरकी’ अशी सगळी रूपं शोधा, आणि आडनावाऐवजी मुलीचं नाव, आईचं नाव आणि पलटण यांवरून शोधा. पहिल्या बापाचं आडनाव असेल तर तुमच्या आडनावाने शोधून ती कधीच मिळणार नाही. सूची मिळाली तरी मूळ पानाची प्रतिमा बघितल्याशिवाय राहू नका. बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्माची तारीख वेगवेगळ्या असतात, आणि सूचीत पुष्कळदा एकच उतरवलेली असते.

आता धर्माचं बघा. पूर्वज आयरिश होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. अँग्लिकन असतील तर पुण्याच्या लष्कर भागातलं सेंट मेरीज हे पहिलं ठिकाण, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी त्याचं उद्घाटन केलं. पण आयरिश कॅथलिक असतील तर शोध नाना पेठेकडे वळतो. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये उभं राहिलं. ते पेशव्यांच्या चाकरीतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी होतं. लष्करातलं सेंट पॅट्रिक्स १८५० चं, त्यामुळे १८४० ची कॅथलिक नोंद तिथे शोधण्यात अर्थ नाही. कॅथलिक नोंदी सगळ्याच लंडनला गेल्या नाहीत. त्या लॅटिनमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये असतात: जेम्स तिथे ‘जॅकोबुस’ होतो, जॉन ‘जोआओ’ होतो, आणि गोव्याकडच्या पाद्र्याने आयरिश आडनाव कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. अशा नोंदी मोठ्याने वाचून पाहाव्या लागतात, नुसत्या डोळ्यांनी त्या सापडत नाहीत.

घरात चालत आलेल्या गोष्टीवर येते. आई पुण्याची असू शकते का? असू शकते. सोजिरांनी देशी ख्रिस्ती, लुसो-इंडियन (पोर्तुगीज-हिंदी वंशाच्या) आणि युरेशियन (युरोपीय-हिंदी मिश्र वंशाच्या) बायकांशी रीतसर लग्नं केली आहेत. अशा लग्नाच्या नोंदीत वधूचं नुसतं बाप्तिस्म्याचं नाव असतं, मारिया किंवा अ‍ॅना, आणि बापाच्या नावाची जागा रिकामी किंवा एखादा तुटक शब्द. पण पलटण विलायतेला परतताना देशी बायकोला सरकारी जहाजावर सहसा जागा मिळायची नाही. असे कितीतरी संसार मुंबईच्या धक्क्यावरच मोडले. तुमची पूर्वजा पुण्याहून विलायत आणि तिथून ऑकलंड असा पूर्ण प्रवास करून पोचली, यावरून ती पलटणीच्या यादीवरची, बहुधा आयरिश किंवा इंग्रज बायको असावी असा माझा कौल आहे. किंवा ती सोजिराचीच मुलगी, म्हणजे पुण्यातच जन्मलेली आणि वाढलेली असेल. माझ्या अनुभवात ‘पुण्याची होती’ या घरगुती वाक्याचा उगम बहुतेक वेळा इथेच निघतो. ती खरोखरच पुण्याची असते, फक्त बराकीतली. कापडाचा पडदा लावून कोपऱ्यात मांडलेल्या संसारात जन्मलेली, मराठी-हिंदुस्थानी बाजारभाषा कानावर पडत मोठी झालेली. तिच्या लग्नाच्या नोंदीत वय १५-१६ असेल आणि ठिकाण पुणे, कुलाबा किंवा गुजरातेतली डीसाची छावणी असेल, तर ही शक्यता पक्की धरा. गुणसूत्रांची चाचणी करायचीच असेल तर घरातल्या सर्वांत जुन्या पिढीच्या माणसाची करा. पाच-सहा पिढ्यांनंतर एका पूर्वजेचा अंश इतका कमी उरतो की ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नव्हतं’ असा होत नाही.

पुढचा भाग मला तुम्हाला मराठी माणूस म्हणून सांगायचा आहे. तुमच्या यजमानांच्या नातेवाइकांना तो बहुधा कुणी सांगितला नसेल.

१८४४ मध्ये कोल्हापूरकडे गडकऱ्यांचं बंड झालं. गडकरी म्हणजे पन्हाळा, सामानगड, भुदरगड अशा किल्ल्यांची पिढीजात राखण करणारी घराणी. राखणीच्या बदल्यात त्यांना जमिनी होत्या. कारभार बदलला, त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात जाऊ लागल्या आणि गडांचे दरवाजे बंद झाले. १ डिसेंबर १८४४ ला इंग्रजांनी पन्हाळा घेतला, पुढे सावंतवाडीकडे मनोहरगड-मनसंतोषगडावर मोहीम चालली. क्वीन्स रॉयलची माणसं या मोहिमेत होती. तुमचा सोजीर स्वतः होता का, ते १८४४-४५ चे हजेरीपट सांगतील. ते पट मागवाल तेव्हा हेही वर्ष मागवा.

आणि तीनच वर्षांनी त्याला काय मिळालं पाहा. न्यूझीलंडच्या उत्तरेत १८४५-४६ मध्ये माओरींशी लढाई झाली. ऑकलंडच्या रक्षणाला माणसं हवीत म्हणून गव्हर्नर जॉर्ज ग्रे मागणी करत होते, आणि लंडनमध्ये वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांनी कायमची फौज पाठवण्याऐवजी पेन्शनर पाठवायचं ठरवलं. (दोन ग्रे वेगळे, नातं नाही, जुनी पत्रं वाचताना गोंधळ होतो.) रॉयल न्यूझीलंड फेन्सिबल्स हे त्या दलाचं नाव. ४८ च्या आतला, चांगल्या वर्तणुकीचा, धडधाकट पेन्शनर घ्यायचा, कुटुंबासकट फुकट न्यायचा. तिथे एक एकर जमीन आणि दोन खोल्यांचं घर द्यायचं. त्याने सात वर्षं बांधील राहायचं: वर्षाला बारा दिवस कवायत, दर रविवारी हत्यारासकट चर्चला हजेरी, आणि हाक आली की उभं राहायचं. सात वर्षं पुरी झाली की घर-जमीन त्याची. राखणीच्या बदल्यात जमीन! पन्हाळ्याच्या गडकऱ्यांची हीच रीत होती. ज्या पलटणीने इकडे ती मोडून काढायला हातभार लावला, तिच्यातला माणूस तिकडे जाऊन स्वतः गडकरी झाला. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो.

१८४७ ते १८५२ या काळात दहा जहाजांतून सातशेवर फेन्सिबल आले, बायका-मुलं धरून अडीच हजारांवर माणसं. ‘रॅमिलीज’ हे त्यांतलं पहिलं, ते ५ ऑगस्ट १८४७ ला पोचलं. त्या माणसांसाठी ओनेहुंगा वसवलं. मग हॉविक, पॅनम्युर, ओटाहुहु अशी ऑकलंडभोवती दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून कडं केल्यासारखी गावं झाली. मागून आलेल्या एका जहाजाचं नाव ‘सर रॉबर्ट सेल’ होतं. जलालाबाद लढवणारे आणि १८४५ मध्ये मुदकीला पडलेले ते हेच सेनापती. १८४९ मध्ये ‘ओरिएंटल क्वीन’वरून आलेले कॅप्टन हॉल्टन १८४३ मध्ये महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेशी लढलेले होते, पुढे ते न्यूझीलंडचे संरक्षणमंत्री झाले. हिंदुस्थान त्या गावांत असा ठिकठिकाणी मुरलेला होता.

पहिली जहाजं लागली तेव्हा घरं तयार नव्हती. हॉविकच्या लोकांना समुद्रकाठच्या लांबलचक शेडमध्ये राहावं लागलं. नंतर मिळालेली शिपायांची घरं जोडघरं होती: एका छपराखाली दोन कुटुंबं, मधल्या भिंतीत एकच धुरांडं, त्याला दोन्ही बाजूंनी चुली. पॅकुरंगाच्या हॉविक ऐतिहासिक ग्रामात अशी घरं जपली आहेत, तुम्हाला अर्ध्या तासावर आहे, जाऊन त्या धुरांड्यापाशी उभ्या राहा. भिंतीपलीकडचं कुटुंब कोण होतं हेही शोधा, कारण पुढच्या पिढीतली लग्नं आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा तिथूनच निघतात. नेच्याने माजलेली ती एक एकर जमीन पोटाला पुरणारी नव्हती. सोजीर रस्त्यांवर मजुरी करत, आणि माओरी लोक होड्यांतून बटाटे, डुकराचं मांस, पीच आणून विकत, त्यावर नवी गावं जगत. कॅलिफोर्निया आणि व्हिक्टोरियात सोनं निघालं तेव्हा काही जण निघून गेले आणि घर-जमीन गमावून बसले. पुरुष नाहीसा होतो आणि बायको-मुलं गावातच दिसतात असं झालं, तर हे लक्षात ठेवा.

जमिनीबद्दल एक विनंती. कौटुंबिक इतिहासात ‘ओसाड जमीन मिळाली’ असं लिहू नका. तामाकीची, म्हणजे ऑकलंडभोवतीच्या भागाची, ती जमीन नगाई ताई, नगाती पाओआ, नगाती व्हातुआ आणि इतर जमातींची होती. एप्रिल १८५१ मध्ये नगाती पाओआंचे लढवय्ये होड्या घेऊन ऑकलंडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा फेन्सिबलांना हत्यारासकट बोलावलं होतं. तुमचा सोजीर तेव्हा बांधील होता, म्हणजे तोही गेला असणार. हे लिहा. गडकऱ्यांच्या देशातली सून हे लिहिते आहे, याला वजन आहे.

आता तुमच्या बाजूचे कागद. यातलं बरंचसं फुकट आहे. ‘पेपर्स पास्ट’ या न्यूझीलंडच्या संकेतस्थळावर त्या काळची ऑकलंडची वर्तमानपत्रं शब्दानिशी शोधता येतात. तिथे मुलीचं लग्न, आईचा मृत्यू, दारूचा खटला, कोंबड्यांवरून भांडण, सगळं मिळतं. पेन्शनचे हिशेब आणि वसाहत खात्याची पत्रं यांच्या सूक्ष्मफिती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आंतरजालावर खुल्या केल्या आहेत; सोजीर वारला की पेन्शन थांबते, त्यामुळे मृत्यूचं वर्ष तिथून पक्कं होतं. जमिनीचा सरकारी दाखला सात वर्षं संपल्यावरचा, म्हणजे १८५४ नंतरचा शोधा. जनगणनेच्या घरोघरच्या नोंदींमागे वेळ घालवू नका, न्यूझीलंडने त्या ठेवल्या नाहीत.

सर्वांत मोठा दुवा मात्र तुमच्याच कपाटात आहे. १८७६ पासून न्यूझीलंडच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मस्थळ आणि देशात किती वर्षं हे लिहू लागले. तुम्ही ‘पूना’ वाचलात आणि दाखला मिटलात असं तुमच्या पत्रावरून वाटतं. नुसता टंकलेला उतारा असेल तर मूळ नोंदीची छायाप्रत मागवा. उताऱ्यात रकाने गळतात. तिच्या धाकट्या भावंडांचे दाखलेही मागवा. तिघांच्या दाखल्यांवर आईचं माहेरचं आडनाव एकच आणि थोरलीच्या बापाच्या रकान्यात वेगळं नाव, किंवा ती जागा मोकळी असेल, तर सावत्र बापाची गोष्ट जवळजवळ सिद्ध झाली. माहिती देणारा कोण होता तेही पाहा. तिच्या मुलाने सांगितलेलं असेल तर ऐकीव, नवऱ्याने सांगितलेलं असेल तर थोडं वजनदार.

आईचं माहेरचं आडनाव मिळालं की मला कळवा, आणि कुटुंब कॅथलिक होतं की अँग्लिकन तेवढं त्याच पत्रात लिहा. नाना पेठेत जायचं की लष्करात, ते मला त्यावरून ठरवता येईल. पावसाळ्याआधी कळवलंत तर बरं, ओल आली की त्या वह्या उघडू देत नाहीत.